रॉकी माउंटन नॅशनल पार्क: लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर कसं फिरायचं

कोलोराडोतलं रॉकी माउंटन नॅशनल पार्क म्हटलं की बऱ्याच जणांना मोठमोठे ट्रेक, बर्फाची शिखरं आणि पाठीवर भल्यामोठ्या सॅक घेतलेली तरुण पोरं आठवतात, आणि मग घरात पाच वर्षांचं पोर असेल किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर "जाऊदे, आपलं काम नाही ते" म्हणून प्लॅन तिथेच बारगळतो. प्लीज तसं करू नका. इथे गाडीत बसून १२ हजार फुटांवर जाता येतं, व्हीलचेअर किंवा स्ट्रोलर घेऊन तळ्याला पूर्ण चक्कर मारता येते, आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून एल्कचा (इथलं मोठं हरीण) अख्खा कळप बघता येतो. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा, या पार्कमध्ये तुमचा दिवस उंची ठरवते. कधी निघायचं, आधी कुठे जायचं, किती चालायचं, कधी परत फिरायचं हे सगळं उंची बघून ठरवलं की मुलं पण खूश आणि मोठी माणसं पण खूश. फोटोतली सगळ्यात भारी जागा पहिल्याच दिवशी गाठायची असा हट्ट धरला की मात्र डोकेदुखी, उलट्या, रडारड सगळं एकत्र येतं.

आधी उंचीचा हिशोब

डेन्व्हर शहरच मुळात ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढं. तिथून दीडेक तासाच्या ड्राइव्हवर एस्टेस पार्क नावाचं गाव आहे, पार्कच्या पूर्वेच्या गेटला लागून, ते ७,५०० फुटांच्या थोडं वर. बेअर लेक साडेनऊ हजारांच्या आसपास. आणि पार्कमधून जाणारा ट्रेल रिज रोड सगळ्यात उंच जागी १२,१८३ फुटांवर जातो, रोहतांगपेक्षा थोडासाच कमी. आता विचार करा, सकाळी डेन्व्हरहून नाश्ता करून निघालेलं कुटुंब जेवायच्या वेळेपर्यंत बसल्या बसल्या सात हजार फूट वर गेलेलं असतं, आणि गाडीतून चढलो म्हणून दम लागलेला नसतो त्यामुळे आपण किती वर आलोय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मग वर गाडीतून उतरून पोरं पळायला लागतात आणि दहा मिनिटांत एकाचं डोकं धरतं.

म्हणून पायऱ्या पाडा. विमानाने आला असाल तर पहिली रात्र डेन्व्हरला किंवा एस्टेस पार्कला काढा, पहिल्या दिवशी आठ-साडेआठ हजार फुटांवरच्या सपाट जागा बघा, दुसऱ्या दिवशी बेअर लेकचा भाग, आणि ट्रेल रिज रोड तिसऱ्या दिवशी. दोनच दिवस असतील तर पहिले दोन टप्पे एकत्र करा, पण सगळ्यात उंच जागा शेवटीच ठेवा.

उंचीचा त्रास मोठी माणसं बोलून दाखवतात, लहान मुलं नाही दाखवत. मूल उगाच किरकिर करायला लागलं, आवडीचा खाऊ पण नको म्हणालं, खेळायचं सोडून गाडीत झोपायला मागितलं, तर ते नाटक करतंय असं धरू नका. पाणी द्या, थोडं बसवा, आणि बरं वाटत नसेल तर खाली उतरा. दोन-तीन हजार फूट खाली आलं की बहुतेक वेळा चेहरा लगेच खुलतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेली मोठी माणसं, गरोदर बायका, अगदी तान्हं बाळ, यांच्यासाठी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारूनच घ्या, हे टाळू नका. आणि पाणी सगळ्यांनी तहान लागायच्या आधी प्यायचं, हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही.

ऊन हा दुसरा भाग. वर हवा विरळ त्यामुळे ऊन थंड वाटतं पण चटके जोरात बसतात, सनस्क्रीन, टोपी आणि मुलांना पण गॉगल पाहिजेच. आणि गरम कपडे. एस्टेस पार्कमध्ये हाफ पँट घालून फिरत असाल तेव्हा वर ट्रेल रिजवर तापमान २० ते ३० फॅरनहाइट डिग्रीने कमी असू शकतं आणि वारा वेगळाच, जुलैमध्ये सुद्धा. प्रत्येकासाठी एक जॅकेट, कानटोपी आणि मुलांसाठी पातळ हातमोजे गाडीत टाकून ठेवा.

परमिटचं आधी बघा, नाहीतर गेटवरून परत

गेली काही वर्षं उन्हाळ्यात म्हणजे साधारण मे अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टाइम्ड एंट्री म्हणजे ठरलेल्या वेळेत आत जायचं परमिट लागतं. ही पार्कच्या एंट्री फीपेक्षा वेगळी गोष्ट आहे, तुमच्याकडे वर्षाचा पास असला तरी हे वेगळं रिझर्वेशन लागतंच. दोन प्रकार असतात. एक बेअर लेक रोड धरून सगळ्या पार्कसाठी, त्याची वेळ पहाटे ५ ते संध्याकाळी ६. दुसरा बेअर लेक रोड सोडून बाकीच्या पार्कसाठी, सकाळी ९ ते दुपारी २. तुम्ही दोन तासांचा स्लॉट घेता आणि त्या दोन तासांत गेटमधून आत जायचं, आत गेल्यावर कितीही वेळ थांबा. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह साइटवर होतं, पुढच्या महिन्याचं या महिन्याच्या १ तारखेला सकाळी ८ ला उघडतं, डेन्व्हरच्या वेळेप्रमाणे बरं का, दुसऱ्या टाइमझोनमधले लोक इथेच चुकतात. काही परमिट आदल्या दिवशी संध्याकाळी ७ ला सुटतात पण ते भराभर जातात, मुलंबाळं घेऊन लांबून येणाऱ्यांनी त्या भरवशावर राहू नये. वेळा आणि फी बदलतात, परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी फीचे नियम वेगळे असतात, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी पार्कच्या अधिकृत साइटवर एकदा नजर टाका.

आता यात एक सोय लपलेली आहे. दुसऱ्या प्रकारच्या परमिटची वेळ दुपारी २ ला संपते, म्हणजे २ नंतर बेअर लेक रोड सोडून बाकी पार्कमध्ये परमिट न घेता जाता येतं, एंट्री फी फक्त भरायची. ज्या दिवशी तुम्ही एस्टेस पार्कला पोहोचता त्या दिवशी हे बरोबर जमतं, हॉटेलला सामान टाका, थोडं पडा, आणि तीन-चार वाजता फॉल रिव्हरच्या गेटने आत जा.

पहिला दिवस, खालच्या जागा

फॉल रिव्हर गेटमधून आत गेलं की थोड्याच वेळात हॉर्सशू पार्क लागतं. इथल्या नावांत पार्क म्हणजे डोंगरांच्या मधलं मोकळं कुरण, त्यामुळे मोरेन पार्क, हॉर्सशू पार्क ही नावं ऐकून झोपाळे शोधू नका. हॉर्सशूमध्ये शीप लेक्स म्हणून छोटी तळी आहेत आणि तिथे बिगहॉर्न मेंढ्या डोंगरावरून खाली येतात, वसंताच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, तिथल्या मातीतलं मीठ आणि खनिजं चाटायला. त्या येतात मुख्यतः दिवसा, सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या दरम्यान, म्हणून संध्याकाळी नाही दिसल्या तर दुसऱ्या दिवशी जाता-येता परत डोकावा. कळप रस्ता ओलांडायला लागला की रेंजर म्हणजे पार्कचे रक्षक दोन्ही बाजूच्या गाड्या थांबवतात आणि सगळे शांत बसून बघतात, मुलांना हे प्रचंड आवडतं.

तिथून जवळच अ‍ॅल्युव्हियल फॅन आहे आणि माझ्या मते मुलांसाठी पूर्ण पार्कमधली ही सगळ्यात मजेची जागा. १५ जुलै १९८२ ला वर डोंगरात असलेलं लॉन लेकचं जुनं मातीचं धरण फुटलं, पाण्याचा लोंढा खाली आला आणि येताना मोटारीएवढे दगड घेऊन आला, ते सगळे इथे पंख्यासारखे पसरले. त्या पुरात तीन जण गेले आणि एस्टेस पार्क गावात पाणी शिरलं. २०१३ च्या मोठ्या पुरात ही जागा पुन्हा बदलली. आज तिथे धबधबा आहे, चढायला दगड आहेत, वाळू आहे, पायवाट पण चांगली बांधलेली आहे. मोठ्या मुलांना गोष्ट सांगा आणि एखाद्या दगडाला हात लावून विचारा हा इथे कसा आला असेल, भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त डोक्यात शिरतं. मात्र पाण्याजवळ हात सोडू नका. जूनमध्ये वरचं बर्फ वितळत असतं तेव्हा इथले सगळे ओढे दिसतात त्यापेक्षा कितीतरी जोरात वाहतात, दगड गुळगुळीत आणि ओले, पाणी बर्फासारखं गार. या पार्कमध्ये अस्वलापेक्षा पाण्याची भीती जास्त बाळगायला पाहिजे, हे मी मनापासून सांगते.

दुसरा दिवस, बेअर लेक रोड

इथे उशिरा जाऊ नका एवढं ऐका. बेअर लेकचं पार्किंग उन्हाळ्यात खूप लवकर भरतं. मुलांना पायजम्यातच गाडीत घाला आणि नाश्ता तिथे जाऊन करा, पण सकाळी सातच्या आत पोहोचायचा प्रयत्न करा. उशीर झालाच तर रस्त्यात पार्क अँड राइडचा मोठा लॉट आहे, तिथे गाडी लावून पार्कच्या फुकट शटलने वर जाता येतं. खरं सांगायचं तर शटल मुलांना जास्त आवडते आणि ड्रायव्हरला पण डोंगर बघायला मिळतात.

आजी-आजोबा असतील तर आधी स्प्रेग लेक. तळ्याभोवती एक मैलापेक्षा कमी अंतराची सपाट वाट आहे, व्हीलचेअर आणि स्ट्रोलर दोन्ही आरामात जातात, मध्ये बसायला बाक आहेत, आणि सकाळी वारा पडलेला असेल तर पलीकडची सगळी शिखरं पाण्यात उतरतात. बदकं असतात, मासे दिसतात, कधी कधी तळ्याच्या कडेला मूस (एल्कपेक्षाही मोठं, रुंद शिंगांचं हरीण) चरत असतो. चालायला अजिबात नको म्हणणारे आजोबा इथे बाकावर तास दीड तास सुखात बसतील आणि तुम्ही तेवढ्यात मुलांना घेऊन पुढे जाऊन येऊ शकता.

बेअर लेकला पण तळ्याभोवती छोटी चक्कर आहे, सुरुवातीचा भाग सोपा, मग थोडा चढउतार. वाटेत नंबर लावलेल्या जागा आहेत, मुलांना नंबर शोधायला सांगितलं की ती आपणहून पुढे पळतात. तिथूनच वर तीन तळ्यांची वाट निघते, निम्फ लेक अर्धा मैल, ड्रीम लेक १.१ मैल, एमराल्ड लेक १.८ मैल, हे सगळं एका बाजूचं अंतर. याची मजा अशी की कुठूनही परत फिरलात तरी एक तळं बघून झालेलं असतं. चार-पाच वर्षांचं मूल निम्फ लेकपर्यंत नक्की जातं, उन्हाळ्यात तिथे पाण्यावर पिवळी कमळं असतात. सहा-सातच्या पुढची मुलं ड्रीम लेकला पोहोचतात, आणि घरातल्यांना एकच तळं जमणार असेल तर ड्रीम लेकच करा, दोन्ही बाजूला डोंगर आणि मधे लांबट तळं, पुढच्या एमराल्डसाठी मुलांना ओढत नेण्यात अर्थ नाही. जूनच्या मध्यापर्यंत या वाटेवर बर्फ टिकून असतो, साध्या बुटांनी मुलं घसरतात, तेव्हा बुटांना लावायचे काटे भाड्याने घ्या किंवा खालीच फिरा.

दुसरा पर्याय अल्बर्टा फॉल्स. ग्लेशियर गॉर्ज ट्रेलहेडपासून (वाट सुरू होते ती जागा) एका बाजूने पाऊण मैलाच्या थोडं वर, चढ हलका, अ‍ॅस्पेनच्या झाडांमधून वाट आणि शेवटी खळाळता धबधबा. मुलांना "अजून किती" याचं उत्तर पाण्याचा आवाज देतो, म्हणून लहान मुलांसाठी मला ही वाट तळ्यांपेक्षा बरी वाटते.

चालताना एक साधा नियम ठेवा, सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. मग ते चार वर्षांचं पोर असो की आजी. मागे राहिलेल्याला पळत गाठावं लागत नाही आणि चिडचिड अर्धी कमी होते. आणि खाऊ थोडा थोडा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी, वर पोहोचल्यावर देऊ असं नाही. उंचीवर भूक मरते पण शरीराला खाणं लागतंच, त्यामुळे जे मुलाला हमखास आवडतं तेच बरोबर न्या, पौष्टिक वगैरे घरी गेल्यावर बघू.

तिसरा दिवस, ट्रेल रिज रोड

आता खरी गंमत. हा रस्ता एस्टेस पार्क ते पार्कच्या पश्चिमेचं ग्रँड लेक गाव असा ४८ मैलांचा आहे आणि त्यातले ११ मैल झाडांच्या वरून जातात. म्हणजे साधारण साडेअकरा हजार फुटांच्या वर झाडं उगवतच नाहीत, तिथून पुढे नुसता टुंड्रा, जसा आर्क्टिकमध्ये असतो तसा. १९३० च्या दशकात बांधलेला रस्ता. साधारण मे महिन्याच्या शेवटच्या वीकेंडला उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो, पण बर्फ पडलं तर मधेच जून-सप्टेंबरमध्ये पण बंद करतात, म्हणून सकाळी निघायच्या आधी रस्त्याचं स्टेटस बघा.

निघा लवकर, आठपर्यंत गाडी रस्त्यावर पाहिजे. कारण वीज. उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी ढग जमतात आणि गडगडाट सुरू होतो, आणि झाडांच्या वर तुम्हीच सगळ्यात उंच असता, आडोसा काही नाही. दुपारी बारापर्यंत वरचं चालणं उरकायचं हा नियम धरा. गडगडणं ऐकू आलं की फोटो तिथेच टाकून गाडीत येऊन बसायचं, गाडी सुरक्षित आहे, दगडाखाली किंवा एकट्या झाडाखाली उभं राहणं सुरक्षित नाही. मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी वाद होत नाहीत.

चढताना थांबत थांबत जा. मेनी पार्क्स कर्व्ह ९,६४० फूट, मग रेनबो कर्व्ह १०,८२९. मुलांना गाडीत एक प्रयोग द्या, एस्टेस पार्कमध्ये चिप्सचं सीलबंद पाकीट घ्या आणि ते मागच्या सीटवर त्यांच्या हातात द्या. जसजसे वर जाल तसतसं ते फुगत जातं कारण बाहेरचा हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा पसरते. प्रत्येक पॉइंटला पाकीट किती टणक झालं ते बघायचं. खाली येताना पिऊन संपवलेली प्लास्टिकची बाटली वरच घट्ट बंद करून ठेवा, ती एस्टेस पार्कला येईपर्यंत चेपलेली असते. हवेचा दाब म्हणजे काय हे शाळेत यापेक्षा चांगलं कोणी शिकवणार नाही.

रस्ता वळणांचा आहे आणि बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, काचा थोड्या उघड्या ठेवा, आणि उतरताना ब्रेकवर पाय दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये या नाहीतर ब्रेक तापतात. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी हट्टाने स्टिअरिंग हातात घेऊ नये.

रॉक कट इथे टुंड्रा कम्युनिटीज ट्रेल आहे, पक्की वाट, जाऊन येऊन साधारण एक मैल, पण १२ हजार फुटांच्या वर असल्यामुळे तो मैल तीन मैलांएवढा वाटतो. इथे घाई केलीत तर काहीच दिसणार नाही, नुसतं गवत आणि दगड. मुलांना गुडघ्यावर बसवा आणि वाटेच्या कडेला बघायला सांगा. बोटाच्या पेराएवढी निळी फॉरगेट-मी-नॉट, गादीसारखी जमिनीला चिकटलेली गुलाबी मॉस कॅम्पियन, आणि सगळी पूर्वेकडे तोंड करून उभी असलेली पिवळी अल्पाइन सनफ्लॉवर. वारा आणि थंडी इतकी की उंच वाढणं परवडतच नाही म्हणून सगळं जमिनीलगत. यांच्यासाठी वाढीचा हंगाम वर्षाला जेमतेम काही आठवड्यांचा, त्यामुळे एकाच जागेवरून लोक चालत राहिले तर तो पट्टा पुन्हा भरून यायला दशकं जातात. म्हणून वाटेवरूनच चाला, फोटोसाठी एक पाऊल पण बाजूला नको, आणि हे मुलांना नीट समजावून सांगितलं तर मुलं मोठ्यांपेक्षा कडक पाळतात.

दगडांच्या ढिगात चिक् असा आवाज आला तर तो पायका. उंदराएवढा दिसतो पण सशाच्या कुळातला, कान गोल, शेपूट दिसत नाही. हा हिवाळ्यात झोपत नाही, उन्हाळाभर तोंडात गवत आणि फुलं भरून आणतो, दगडांखाली वाळवून साठवतो आणि बर्फाखाली ते खाऊन जगतो. तिथेच शेजारी लठ्ठ मार्मट (खारीच्या कुळातला मोठा प्राणी) ऊन खात पसरलेला असतो, तो मात्र उन्हाळाभर चरबी साठवतो आणि हिवाळाभर झोपतो. मुलांना विचारा तुम्ही कोण व्हाल, परतीच्या प्रवासात भांडायला विषय मिळतो.

पुढे अल्पाइन व्हिजिटर सेंटर, ११,७९६ फूट. टॉयलेट, छोटं प्रदर्शन, शेजारी खाण्याचं आणि वस्तूंचं दुकान, त्यामुळे मोठा थांबा इथे घ्या. मागे पायऱ्यांची एक छोटी वाट वर जाते आणि १२ हजारांच्या वर नेऊन सोडते, अंतर फार नाही पण भल्याभल्यांना धाप लागते. आजी-आजोबांनी खिडकीपाशी बसून गरम काहीतरी प्यावं, खालच्या दरीत बऱ्याचदा एल्कचे कळप चरताना दिसतात, दुर्बीण असेल तर तिथेच काढा.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी इथून मागे फिरावं. वेळ असेल तर अजून चार-साडेचार मैल पुढे मिल्नर पास, १०,७५८ फूट. इथून अमेरिका खंडाची पाणलोट रेषा जाते, एका बाजूला पडलेलं पाणी मिसिसिपीमार्गे अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूचं कोलोराडो नदीतून पॅसिफिकच्या दिशेने. पाटी आहे, पाटीच्या दोन बाजूंना दोन पोरं उभी करून फोटो काढा.

ओल्ड फॉल रिव्हर रोड पण वर येतो, १९२० चा कच्चा एकेरी रस्ता, फक्त चढायचा, ताशी १५ मैल, आणि तो साधारण जुलैमध्ये उघडतो. सुंदर आहे पण गाडी लागणारी मुलं असतील तर नको.

पश्चिमेकडची बाजू

बहुतेक लोक इथे पोहोचतच नाहीत आणि म्हणूनच शांत आहे. कोयोटी व्हॅली ट्रेल म्हणजे कोलोराडो नदीच्या काठाने जाऊन येऊन मैलभराची सपाट वाट. तीच कोलोराडो जी पुढे ग्रँड कॅन्यन कोरते, ती इथे ओढ्याएवढी आहे, मुलांना नकाशावर दाखवाच. होल्झवर्थ साइटला शंभर वर्षांपूर्वीचं जर्मन कुटुंबाचं पाहुण्यांसाठीचं रँच आहे, लाकडी केबिन, जुन्या वस्तू, अर्ध्या मैलाचं चालणं.

या बाजूला मूस दिसायची शक्यता जास्त. राज्याच्या वन्यजीव खात्याने १९७८-७९ मध्ये शेजारच्या नॉर्थ पार्क भागात मूस आणून सोडले आणि ते इकडे पसरले. जाताना जळलेली काळी झाडं दिसतील, ती २०२० च्या वणव्याची. मुलं विचारणारच, तेव्हा खाली उगवलेलं नवं रान पण दाखवा, लॉजपोल पाइनची काही शंकूफळं आगीच्या उष्णतेनेच उघडतात आणि बिया पडतात.

प्राण्यांपासून किती लांब

एल्क आणि बिगहॉर्नपासून ७५ फूट, मूस आणि अस्वलापासून १२० फूट. फूट मोजत बसायला जमत नाही म्हणून मुलांना अंगठ्याची युक्ती शिकवा, हात सरळ पुढे करायचा, एक डोळा मिटायचा, अख्खा प्राणी अंगठ्याआड लपला तर अंतर ठीक, नाही लपला तर मागे सरकायचं. मूस गरीब दिसतो पण पिल्लू जवळ असलेली मादी अंगावर येते, तिच्याशी फोटोसाठी अजिबात खेळू नका. चिपमंक हातावर चढून दाणे मागतात, तरी द्यायचे नाहीत, ते बेकायदा आहे, चावतात, आणि माणसाच्या खाण्याची सवय प्राण्याच्या जिवावर बेतू शकते. अस्वलं इथे फक्त काळी आहेत, ग्रिझली नाहीत, पण खाऊ आणि वासाच्या वस्तू उघड्या टाकून जाऊ नका. कुत्रा आणणार असाल तर तो ट्रेलवर चालत नाही, फक्त रस्ते, पार्किंग, कॅम्पग्राउंड आणि पिकनिकच्या जागा.

ज्युनिअर रेंजर

हे विसरू नका, पहिल्याच दिवशी कुठल्याही व्हिजिटर सेंटरला जाऊन वयाप्रमाणे ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागून घ्या, फुकट असते. मुलं चित्रं काढतात, झाडं ओळखतात, उत्तरं लिहितात आणि पूर्ण करून दाखवली की रेंजर हात वर करायला लावून शपथ देतात आणि बॅज देतात. उन्हाळ्यात हिडन व्हॅलीला मुलांसाठी खास रेंजरचे कार्यक्रम असतात. मोठ्यांनी उत्तरं सांगू नयेत, रेंजर मुलालाच विचारतात. गाडीतल्या लांब प्रवासात टॅब्लेटऐवजी हीच पुस्तिका हातात असली तर खिडकीबाहेर बघणं आपोआप होतं.

कधी जायचं

शाळेच्या सुट्टीमुळे जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, पण फुलं तेव्हाच. मी मात्र सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सांगेन. अ‍ॅस्पेन पिवळीधमक होतात आणि एल्कचा माजाचा काळ सुरू होतो, मोठ्या शिंगांचे नर कळप राखत हिंडतात आणि संध्याकाळी मोरेन पार्कमध्ये त्यांची शिट्टीसारखी लांब आरोळी घुमते. या दिवसांत कुरणात संध्याकाळी ५ पासून सकाळपर्यंत पायी उतरायला बंदी असते, रस्त्याच्या कडेलाच थांबायचं, गाडीचे लाइट बंद, आणि फोनवरून खोटी आरोळी वाजवायला मनाई आहे. खुर्च्या आणि ब्लँकेट न्या, सूर्य गेला की गारठा पटकन वाढतो.

हिवाळ्यात ट्रेल रिज बंद असतो पण हिडन व्हॅली उघडी असते. १९९१ पर्यंत तिथे स्कीइंग चालायचं, आता पार्कमधली स्लेडिंगची हीच अधिकृत जागा. स्लेड तुमची तुम्ही आणायची, एस्टेस पार्कमध्ये भाड्याने मिळते. उतार लहान मुलांना झेपेल असा आहे, तळाशी थांबायला एक खोली आहे, तरी थर्मास, कोरडे मोज्यांचे जोड आणि बदलायचे हातमोजे जास्तीचे घ्या. आणि कुठल्याही ऋतूत फोनचं नेटवर्क आत बहुतेक ठिकाणी नसतं, नकाशा आणि परमिटचा स्क्रीनशॉट हॉटेलच्या वायफायवरच डाउनलोड करून ठेवा, पेट्रोल पण एस्टेस पार्कमध्येच भरा, पार्कच्या आत पंप नाही.